मृत्यूच्या आकडेवारीतले रोगांचे कोड कसे वाचावेत: आयसीडीच्या आवृत्त्यांमधले फरक, पायरीपायरीने

अमेरिकेच्या मृत्यूनोंदीत १९९८ साली न्यूमोनिया आणि इन्फ्लुएंझाचे सुमारे ९१,९०० मृत्यू दिसतात. १९९९ साली हाच आकडा ६३,७००च्या आसपास आला. एका वर्षात तीस टक्के घट! न्यूमोनियावर त्या वर्षी काही रामबाण औषध सापडलं नव्हतं. १ जानेवारी १९९९पासून तिथे मृत्यूंना कोड देण्यासाठी रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाची, म्हणजे आयसीडीची, नववी आवृत्ती जाऊन दहावी आली होती. माणसं आधी जशी दगावत होती तशीच दगावत होती, त्यांची मोजणी मात्र वेगळ्या रकान्यात होऊ लागली.

मृत्यूच्या कारणांचे आकडे पहिल्यांदा हाताळणाऱ्या प्रत्येकाने, मग तो सार्वजनिक आरोग्याचा विद्यार्थी असो, रुग्णालयातल्या नोंदी सांभाळणारा असो की आकड्यांवरून बातमी लिहिणारा पत्रकार, हे उदाहरण आधी नीट समजून घ्यावं असं मला मनापासून वाटतं. आकडा अचानक चढला किंवा उतरला तर त्याला तीन कारणं असू शकतात. आजार खरोखर कमी-जास्त झाला असेल, डॉक्टरांची दाखला लिहिण्याची पद्धत बदलली असेल, किंवा त्या दाखल्याला कोड देण्याची रीत बदलली असेल. पहिल्या कारणाबद्दल बोलण्याआधी उरलेली दोन तपासायची. ती कशी, हे खाली क्रमाने सांगतो. (कोडमधली अक्षरं प्रत्यक्षात रोमन असतात. इथे ती उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत.)

पायरी पहिली: कोडच्या आधी दाखला वाचायला शिका

मृत्यूच्या कारणाच्या वैद्यकीय दाखल्याचा आंतरराष्ट्रीय नमुना दोन भागांचा असतो. पहिल्या भागात एकाखाली एक ओळी असतात. सर्वांत वर मृत्यूला थेट कारणीभूत ठरलेली अवस्था, तिच्याखाली ती कशामुळे उद्भवली, त्याखाली तेही कशामुळे, असं मागे मागे जायचं. दुसऱ्या भागात मृत्यूला हातभार लावणारे, पण या साखळीत न बसणारे आजार लिहायचे. एक दाखला असा घ्या:

पहिला भाग
(अ) न्यूमोनिया
(ब) खुब्याचं फ्रॅक्चर
(क) जिन्यावरून पडणे
दुसरा भाग
मधुमेह

हा मृत्यू कुठे मोजला जाईल? नवखा माणूस न्यूमोनियाकडे बोट दाखवतो, कारण ते सर्वांत वर लिहिलंय. पण मृत्यूच्या तक्त्यात मोजलं जातं ते मूळ कारण: ज्या आजाराने किंवा इजेने मृत्यूपर्यंत नेणारी घटनांची साखळी सुरू झाली तो आजार वा ती इजा, आणि अपघात किंवा हिंसा असेल तर ज्या परिस्थितीत ती घडली ती परिस्थिती. १९४८च्या सहाव्या आवृत्तीपासून हे तत्त्व जगभर चालत आलं आहे. म्हणून वरचा मृत्यू दहाव्या आवृत्तीत डब्ल्यू१० या कोडवर, म्हणजे पायऱ्यांवरून पडण्यावर जातो. फ्रॅक्चरचा एस७२ हा कोड नोंदीत राहतो, पण मूळ कारण म्हणून नाही. एस आणि टी या अक्षरांचे कोड इजेचं स्वरूप सांगतात आणि ते मूळ कारणाच्या जागी चालत नाहीत. न्यूमोनिया आणि मधुमेह फक्त ‘बहुकारण’ फाइलमध्ये, म्हणजे दाखल्यावरच्या सगळ्या आजारांची नोंद ठेवणाऱ्या फाइलमध्ये सापडतील.

एका मृत्यूला एकच मूळ कारण असतं, त्यामुळे सगळ्या कारणांची बेरीज एकूण मृत्यूंइतकी येते. तुमच्या हातातल्या फाइलमध्ये ती जास्त येत असेल तर तुम्ही बहुकारण फाइल घेऊन बसला आहात. कामाला लागण्याआधी ही बेरीज करून पाहाच.

दाखल्याचा कागद बदलला तरी आकडे हलतात. जपानने १९९५ साली नवा दाखला आणला. आजाराच्या अखेरच्या अवस्थेत येणारं हृदय निकामी होणं मृत्यूचं कारण म्हणून लिहू नये, अशी सूचना त्यावर छापलेली होती. हृदयविकाराच्या मृत्यूंचा आकडा लगेच खाली आला. दहावी आवृत्तीही तिथे त्याच वर्षी लागू झाली. एकाच वर्षी दोन्ही गोष्टी बदलल्या की कोणत्या बदलाचा किती वाटा हे वेगळं काढणं फार अवघड जातं.

पायरी दुसरी: निवडीचे नियम कुठले ते विचारा

दाखले नेहमी वरच्यासारखे नीटनेटके नसतात. डॉक्टर क्रम उलटा लिहितात, एका ओळीत तीन आजार लिहितात, कधी नुसतं ‘हृदयक्रिया बंद’ एवढंच लिहून सही करतात. अशा वेळी कोणता आजार मूळ कारण धरायचा याचे नियम वर्गीकरणाच्या सूचनाखंडात दिलेले असतात. ‘आयसीडी’ म्हटलं की बहुतेकांना फक्त कोडची यादी आठवते. माझ्या मते नव्या माणसाने यादीपेक्षा हे नियम आधी वाचावेत, कारण सगळ्यांत जास्त पाणी मुरतं ते इथेच.

अमेरिकेतला तो न्यूमोनिया याच नियमांमुळे घटला. दाखल्यावर कुठेही असा आजार असेल ज्याचा उघड परिणाम म्हणून वर निवडलेली अवस्था आली असावी, तर त्या आजाराला मूळ कारण धरायचं, असा एक नियम आहे. जुन्या कोडरांच्या तोंडी तो ‘तिसरा नियम’ म्हणूनच असतो. दहाव्या आवृत्तीत त्याचा विस्तार झाला आणि न्यूमोनिया कितीतरी जास्त आजारांचा परिणाम मानला जाऊ लागला. पहिल्या भागात एकटा न्यूमोनिया आणि दुसऱ्या भागात कर्करोग असा दाखला आला, तर पूर्वी न्यूमोनियाकडे गेला असता असा मृत्यू आता कर्करोगाकडे जाऊ लागला.

आता याहून बोलकं उदाहरण. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९८४ साली याच तिसऱ्या नियमाचा अर्थ सैल केला गेला, तेव्हा न्यूमोनियाचे मृत्यू एकदम घटले. १९९३ साली तो अर्थ पुन्हा आंतरराष्ट्रीय रीतीला धरून केला, तेव्हा ते एकदम वाढले. या सगळ्या काळात आवृत्ती एकच होती, नववी. म्हणजे तक्त्यावर ‘आयसीडी-९’ असं लिहिलेलं असलं तरी तेवढ्याने भागत नाही. कोणत्या वर्षी नियम कसा लावला जात होता, हेही विचारावं लागतं. दहाव्या आवृत्तीतही अधूनमधून दुरुस्त्या होत गेल्या. तिच्या २०१६च्या सुधारित प्रतीत तर हे नियम निवडीचे आठ आणि फेरबदलाचे चार टप्पे अशा नव्या मांडणीत आले.

शेवटची एक गोष्ट. हे नियम आता पुष्कळ देशांत ‘आयरिस’सारखं सॉफ्टवेअर लावतं आणि गुंतागुंतीचे दाखले तेवढे माणसाकडे येतात. हाताने कोड देण्याकडून सॉफ्टवेअरकडे गेल्याचं वर्षही आकड्यात पायरी पाडू शकतं. ते वर्ष टिपून ठेवा.

पायरी तिसरी: कोडचा तोंडवळा ओळखा

या वर्गीकरणाची मुळं जाक बेर्तियों यांनी १८९३ साली शिकागोत आंतरराष्ट्रीय सांख्यिकी संस्थेपुढे मांडलेल्या मृत्यूकारणांच्या यादीत आहेत. १९०० साली पॅरिसच्या परिषदेत तिची पहिली आंतरराष्ट्रीय आवृत्ती ठरली, तेव्हा सविस्तर यादीत १७९ गट होते. पुढे साधारण दर दहा वर्षांनी नवी आवृत्ती निघत गेली, १९४८पासून हे काम जागतिक आरोग्य संघटनेकडे आलं. आज कामात पडणाऱ्या आवृत्त्या सातवी ते अकरावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या मृत्यूच्या माहितीसाठ्यातली आकडेवारी १९५०पासूनची आहे आणि त्यातली सर्वांत जुनी फाइल सातवीच्या नावाने आहे.

नववी आवृत्ती १९७५ साली ठरली आणि १९७९पासून वापरात आली. तिचे कोड तीन अंकी: ००१ ते ९९९, आणि गरज असेल तिथे बिंदूनंतर चौथा अंक. अपघात, आत्महत्या, हत्या अशा बाह्य कारणांसाठी ई८०० ते ई९९९ ही वेगळी पुरवणी.

दहावी १९९० साली मंजूर झाली. कोडची सुरुवात अक्षराने, मग दोन अंक, बिंदू, आणि चौथा अंक. तीव्र हृदयविकाराचा झटका नवव्या आवृत्तीत ४१० होता, तो दहाव्या आवृत्तीत आय२१ झाला. मधुमेह २५० होता, तो ई१० ते ई१४ झाला. चौथ्या जागी ८ असेल तर सहसा ‘इतर’, ९ असेल तर ‘तपशील नाही’.

अकरावी आवृत्ती मे २०१९मध्ये जागतिक आरोग्य सभेने स्वीकारली आणि १ जानेवारी २०२२पासून ती लागू झाली, पण प्रत्येक देश आपापल्या तयारीप्रमाणे तिच्याकडे वळतो आहे. तिचे कोड किमान चार वर्णांचे. पहिला वर्ण प्रकरण, म्हणजे रोगांचा मोठा गट, सांगतो, दुसरा नेहमी अक्षर, तिसरा नेहमी अंक. ओ आणि आय ही दोन अक्षरं मुद्दाम गाळली आहेत, शून्य आणि एकशी गल्लत होऊ नये म्हणून. हृदयविकाराचा तीव्र झटका इथे बीए४१. ‘इतर’साठी शेवटी वाय येतो, ‘तपशील नाही’साठी झेड.

आता गल्लत कुठे होते ते बघा. ००१ हा कोड सातव्या आवृत्तीत फुप्फुसांच्या क्षयरोगाकडे जातो, आठव्यात विषमज्वराकडे आणि नवव्यात कॉलऱ्याकडे. तीन आवृत्त्यांच्या फाइली एकाखाली एक जोडून कोणी ००१ची मोजणी केली, तर तीन वेगळ्या आजारांचा एक निरर्थक आलेख तयार होतो. दुसरी गल्लत याहून लबाड आहे. पुष्कळ फाइलींमध्ये बिंदू लिहीत नाहीत. मग ई८८० म्हणजे काय? नवव्या आवृत्तीची फाइल असेल तर जिन्यावरून किंवा पायऱ्यांवरून पडणं. दहाव्याची असेल तर तो ई८८.० आहे, रक्तद्रवातल्या प्रथिनांच्या चयापचयाचा बिघाड. फाइलमधल्या कोडशेजारी आवृत्तीचा रकाना नसेल तर सर्वांत आधी तो जोडा, मगच पुढचं पाऊल टाका.

आणि स्प्रेडशीटमध्ये फाइल उघडण्याआधी कोडचा रकाना ‘मजकूर’ म्हणून ठरवून घ्या. नाहीतर नवव्या आवृत्तीतला ००१ नुसता १ होतो. अकराव्यात तर १ई३० हा हंगामी इन्फ्लुएंझाचा कोड स्प्रेडशीटला एकावर तीस शून्यं असलेली संख्या वाटते आणि ती तो परस्पर तसा बदलून टाकते. नंतर मूळ कोड परत मिळवता येत नाही.

पायरी चौथी: नावात साम्य असलेल्यांना वेगळं ठेवा

आयसीडी-१० आणि आयसीडी-१०-सीएम या दोन वेगळ्या वस्तू आहेत. सीएम हा अमेरिकेने रुग्णालयातल्या निदानांसाठी आणि बिलांसाठी केलेला विस्तार आहे. तिथे तो १ ऑक्टोबर २०१५पासून लागू झाला आणि त्याचे कोड सात वर्णांपर्यंत जातात. मृत्यूंसाठी मात्र अमेरिकासुद्धा जागतिक आरोग्य संघटनेची मूळ दहावी आवृत्तीच वापरते, तीही १९९९पासून. ‘अमेरिकेने दहावी आवृत्ती २०१५ साली घेतली’ असं वाक्य मृत्यूच्या आकडेवारीवरच्या लिखाणात दिसलं, तर लिहिणाऱ्याने दोन्हींची सरमिसळ केली आहे. ऑस्ट्रेलिया, कॅनडा आणि जर्मनीचेही असे आपापले विस्तार आहेत.

कर्करोग नोंदणीत आयसीडी-ओ लागतं. त्यात गाठ शरीरात कुठे आहे आणि पेशींचं रूप कसं आहे, यांचे कोड वेगवेगळे देतात. स्नोमेड सीटी हे मोजणीचं वर्गीकरणच नव्हे. ती रुग्णाच्या नोंदीत निदान, लक्षणं, तपासण्या बारकाईने लिहिण्याची शब्दावली आहे. मृत्यूच्या तक्त्यात या दोन्हींचे कोड येत नाहीत.

दहाव्या आवृत्तीत एक जोडकोडाची पद्धतही आहे. क्षयरोगाच्या मेनिन्जायटिसला ए१७.० आणि जी०१ असे दोन कोड मिळतात: पहिला मूळ आजाराचा, त्यावर खंजिराची खूण; दुसरा तो आजार जिथे प्रकटला त्याचा, त्यावर तारांकन. मृत्यूचं मूळ कारण म्हणून खंजिराचाच घ्यायचा. मूळ कारणाच्या रकान्यात तारांकनाचे कोड भेटले तर फाइल रुग्णालयातली आहे, किंवा कोडिंगमध्ये चूक आहे.

पायरी पाचवी: यादी कोणती आहे ते बघा

प्रकाशित तक्त्यांत चार वर्णांचे कोड फार क्वचित असतात. ते छोट्या याद्यांमध्ये गोळा केलेले असतात, आणि त्या याद्यांना स्वतःचे क्रमांक असतात. दहाव्या आवृत्तीची पहिली संक्षिप्त यादी १०३ कारणांची आहे, दुसरी निवडक कारणांची यादी ८० कारणांची. नवव्या आवृत्तीच्या संक्षिप्त यादीत क्षयरोग बी०२ या क्रमांकाने येतो. दहाव्या आवृत्तीत बी०२ म्हणजे नागीण! जागतिक आरोग्य संघटनेच्या फाइलींमध्ये म्हणूनच यादीचा एक वेगळा रकाना असतो. दहाव्या आवृत्तीसाठी तिथे १०१ लिहिलं असेल तर संक्षिप्त यादी, १०४ असेल तर चार वर्णांचे सविस्तर कोड. काही देशांनी काही वर्षं एक आणि पुढे दुसरी यादी वापरली आहे, तेव्हा हा रकाना वर्षागणिक बघत चला.

पायरी सहावी: दोन आवृत्त्यांच्या सांध्यावर पूल बांधा

एक आवृत्ती संपून दुसरी सुरू होते त्या जागी आलेखावर उभी रेघ मारायची, ही पहिली शिस्त. ही रेघ प्रत्येक देशासाठी वेगळ्या वर्षी पडते: दहाव्या आवृत्तीसाठी जपानमध्ये १९९५, अमेरिकेत १९९९, इंग्लंड आणि वेल्समध्ये २००१. म्हणून देशादेशांची तुलना करताना १९९५ ते २००१चा पट्टा फार जपून वाचावा लागतो.

दुसरी गोष्ट म्हणजे तुलनीयता गुणोत्तर. तेच दाखले दोन्ही आवृत्त्यांनी कोड करतात. नव्या पद्धतीने त्या कारणाचे जितके मृत्यू निघाले, त्याला जुन्या पद्धतीच्या मृत्यूंनी भागायचं. अमेरिकेने १९९६च्या मृत्यूंवर हे दुहेरी कोडिंग केलं. न्यूमोनिया आणि इन्फ्लुएंझाचं गुणोत्तर आलं ०.६९८, सेप्टिसीमियाचं (रक्तात पसरलेल्या जंतुसंसर्गाचं) १.१९५, अल्झायमरचं १.५५४, कर्करोगाचं १.००७. अल्झायमर इतका फुगला, कारण पूर्वी मानसिक विकारांच्या प्रकरणात जाणारे डिमेन्शियाचे (स्मृतिभ्रंशाचे) काही मृत्यू दहाव्या आवृत्तीत त्याच्याकडे आले.

आता सुरुवातीचा आकडा पुन्हा हातात घ्या. १९९८चे ९१,९०० गुणिले ०.६९८ म्हणजे सुमारे ६४,१००. दहाव्या आवृत्तीच्या मापाने १९९८ साली एवढे मृत्यू मोजले गेले असते. १९९९चा आकडा ६३,७००. तीस टक्क्यांची घट एक टक्क्याच्याही आत आली.

हे गुणोत्तर वापरताना दोन पथ्यं पाळा. ते ज्या देशाच्या दाखल्यांवरून काढलं त्याच देशाला लावा, कारण दुसरीकडच्या डॉक्टरांची लिहिण्याची सवय वेगळी असते. आणि सर्व वयांचं गुणोत्तर एखाद्या वयोगटाला लावू नका. म्हाताऱ्या माणसाच्या दाखल्यावर पाच आजार असतात, तरुणाच्या दाखल्यावर बहुधा एक. नियमाला वाव मिळतो तो पहिल्या ठिकाणी. गुणोत्तर उपलब्धच नसेल तर रेघेच्या दोन्ही बाजूंचे कल वेगवेगळे सांगा आणि मधली उडी कल म्हणून सांगू नका.

पायरी सातवी: अकरावीत काय सरकलंय ते आधीच माहीत करून घ्या

सर्वांत मोठं स्थलांतर पक्षाघाताचं. दहाव्या आवृत्तीत मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे आजार आय६० ते आय६९, म्हणजे रक्ताभिसरणाच्या प्रकरणात होते. अकराव्यात ते मज्जासंस्थेच्या प्रकरणात गेले; रक्तपुरवठा अडून होणारा पक्षाघात तिथे ८बी११ आहे. पक्षाघात हे जगभर मृत्यूच्या मोठ्या कारणांपैकी एक. त्यामुळे एखाद्या देशाने अकरावी लागू केली की ‘रक्ताभिसरणाचे आजार’ या प्रकरणाची बेरीज धाडकन खाली येणार आणि मज्जासंस्थेची वर जाणार. इन्फ्लुएंझाही श्वसनाच्या प्रकरणातून संसर्गजन्य रोगांत गेला आहे. म्हणून प्रकरणांच्या बेरजेवर विसंबू नका, कोड गोळा करून आपले गट आपणच बांधा.

अकराव्यात मुख्य कोडला तपशिलाचे जादा कोड जोडून साखळी करता येते. सुरुवातीला मोजणीसाठी साखळीतला मुख्य कोड वेगळा काढून घ्या. दहाव्यातून अकराव्यात जाण्याचे तक्ते जागतिक आरोग्य संघटना देते, पण एका जुन्या कोडला नेमका एकच नवा कोड असेलच असं नाही. हे तक्ते शोधाच्या सोयीसाठी वापरा. दुहेरी कोडिंगची जागा ते घेऊ शकत नाहीत.

कोविड-१९चे कोड हे अलीकडचं उदाहरण जवळ ठेवण्यासारखं: दहाव्या आवृत्तीत यू०७.१ विषाणू तपासणीत सापडला असेल तर, यू०७.२ तपासणीने पक्कं झालं नसेल पण आजाराचं चित्र जुळत असेल तर. २०२०च्या आकड्यांत यातला एकच धरला आहे की दोन्ही, हे पाहिल्याशिवाय दोन देश शेजारी ठेवू नयेत.

पायरी आठवी: धूसर कोडचा वाटा काढा

ही पायरी घाईत वगळली जाते, आणि मला तिची सर्वांत जास्त काळजी वाटते. प्रत्येक आवृत्तीत काही कोड असे असतात जे मृत्यूबद्दल काहीच उपयोगाचं सांगत नाहीत. दहाव्यात आर५४ म्हणजे वार्धक्य, आर९९ म्हणजे कारण अज्ञात, आय४६ म्हणजे हृदयक्रिया बंद पडणं, आय५० म्हणजे हृदय निकामी होणं. दर वर्षी एकूण मृत्यूंपैकी किती टक्के या कोडांवर गेले ते काढा. दहा वर्षांत हा वाटा घटला असेल, तर त्यातून बाहेर पडलेले मृत्यू मधुमेह, हृदयविकार, कर्करोग अशा नेमक्या कारणांकडे गेलेले असतात आणि ती कारणं वाढल्यासारखी दिसतात.

काही अभ्यासक हे धूसर मृत्यू ठरावीक प्रमाणात इतर कारणांमध्ये वाटून देतात. नव्याने काम सुरू करणाऱ्याने ते करू नये असं माझं मत आहे. धूसर कोडांचा वेगळा गट करा, तक्त्यात त्याला स्वतःची ओळ द्या आणि प्रत्येक वर्षाच्या आकड्याशेजारी आवृत्ती, यादी आणि हा टक्का असे तीन रकाने ठेवा.